राणीकुळमची फळी

कुंभकोणमला मराठे आले तेव्हा कुणाला जहागीर मिळाली, कुणाला पालखी मिळाली, कुणाला नुसतीच मिशी पिळायचा हक्क मिळाला. जानकीराम रावांच्या घराण्याच्या मूळपुरुषाच्या वाट्याला फणसाची एक फळी आली. हसू येतं खरं, पण ती फळी साधी नव्हती. गावाच्या दक्षिणेला राणीकुळम नावाचं तळं होतं. कुठल्याशा राणीनं बायकांच्या आंघोळीसाठी ते खणवलं, आणि कावेरीच्या पाटातून त्यात पाणी घ्यायला दगडी मोरी बांधली. त्या मोरीला तिकडे मदगु म्हणतात. मदग्याच्या तोंडावर ही फळी. ती कधी उचलायची नि किती उचलायची, ते या घरानं ठरवायचं. म्हणून जानकीरामांना सारं गाव 'मदग्याचे रायर' म्हणे. रायर म्हणजे मराठी माणूस, तमिळ शेजाऱ्यांच्या तोंडचा.

वर्षातून एक दिवस मात्र ते खरोखरचे राजे असत. आडी, म्हणजे तिकडच्या आषाढ, महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीचं नवं पाणी पाटातून खळाळत गावात येई. मदग्याशेजारच्या छोट्या पिळ्ळैयारपुढे, म्हणजे आपल्या गणपतीपुढे, रायर नारळ फोडत, धोतर खोचून कमरेइतक्या पाण्यात उतरत आणि लोखंडी गज अडकवून फळी चार बोटं उचलत. घाटावर घरच्या बायका विठोबाची एक आरती म्हणत. आरती संपेपर्यंत चार बोटं, मग पुरी फळी. पहिला तांब्या रायरांच्या घरी जाई आणि त्यानंतर गावच्या बायका काळे मणी, ताडपत्राच्या कुड्या नि दिवे घेऊन पाण्याशी येत. जानकीरामांना दुसरं काही फारसं येत नव्हतं. शाळा सहावीपर्यंत, शेती नाही, व्यापाराची अक्कल नाही. पण त्या दिवशी ते पाण्यात उभे राहिले की त्यांची पाठ ताठ होई, आणि बायको वेंकटलक्ष्मी घाटावरून बघत राही.

बावन्न सालच्या वादळात गावात झाडं कोसळली, भिंती पडल्या, आणि गावानं सगळा राडारोडा राणीकुळममध्ये नेऊन टाकला. तळं आपलं सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही! पाणी नासलं, वास सुटला. मग जो तो नाक धरून म्हणू लागला की तळं बुजवा. अगदी त्याच वेळी मद्रासहून पगारी पैलवानांच्या कुस्ती-कंपनीचा एक गुळगुळीत मालक गावात आला. त्यानं प्रतिष्ठितांना कॉफी पाजली आणि सांगितलं, "तुमच्या गावात गॅलरीचं मैदान बांधा. मी दर वर्षी चार खेळ आणतो. जटका-टांगेवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांचं भलं होईल."

बांधायचं गावानं, गल्ला कंपनीचा. हे इतकं सरळ होतं की कुणाला ते दिसलंच नाही. एक क्रीडांगण समिती निघाली. गिरणीवाले वरदराज तिचे सेक्रेटरी झाले. घरपट्टीवर जादा पट्टी बसली. तीन गल्ल्यांना नळ द्यायचे होते ते पुढच्या वर्षावर गेले, आणि ते पुढचं वर्ष अजून उजाडायचं आहे. वरदराज माणूस गोड बोलणारा, हात जोडून समोर येणारा. त्यांच्या भाताच्या गिरणीमागे राखेचा डोंगर साठला होता. एरवी तो हलवायला त्यांच्या खिशाला चाट बसली असती. आता समितीनं गाडीमागे त्यांनाच पैसे दिले आणि राणीकुळम त्या राखेनं भरून घेतलं. वरून हातभर माती, त्यावर रोलर, की झालं मैदान. कुंपणच शेत खातं म्हणतात, पण इथे शेतानं कुंपणाला जेवायला बोलावलं होतं.

जानकीरामांना समितीनं रखवालदार नेमलं. खाकी कोट, पितळी बिल्ला, किल्ल्यांचा जुडगा. तळं गेलं त्या बदली नोकरी. त्यांनी ती घेतली, कारण पदरात पंकजा होती, लग्नाची.

पहिलं काम त्यांना मिळालं ते हेच, की मदग्याचं तोंड बुजवायचं. पूर्वेकडची गॅलरी त्याच बाजूला उभी राहायची होती. मेस्त्री स्वामीनाथनं विटा आणि चुना पाठवला. स्वामीनाथ काळा, कमी बोलणारा, ओळंब्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा माणूस. तो स्वतःच बुजवणार होता, पण जानकीराम म्हणाले, "आमच्या घरची मोरी आहे. तिचं तोंड माझ्या हातानं मिटू दे." घरातलं माणूस गेल्यावर डोळे मिटायचा हक्क घरच्यांचाच असतो. स्वामीनाथला ते पटलं आणि तो निघून गेला.

जानकीराम विटा घेऊन मदग्याशी दोन तास बसले. एक वीट हातात घेतली, पाण्यात धुतली, परत ठेवली. होईना. शेवटी त्यांनी फळी खाली सोडली, फटींत चिकणमाती दाबली आणि समितीच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "बुजवलं." वहीत तशी नोंद झाली, खाली त्यांची सही झाली. विटा हळूहळू टोपलीतून घरी आल्या. परसात तुळशीला त्यांचं छानसं वृंदावन झालं. वेंकटलक्ष्मीनं काही विचारलं नाही. रोज सकाळी त्याच्यापुढे रांगोळी मात्र ती घालू लागली.

पुढच्या आडीत अठरावा दिवस आला तेव्हा गॅलरीचे खांब वर येत होते. रायरांना वाटलं, राणी आत निजली आहे, वर्षाचा एक घोट तरी तिला मिळायला हवा. चार बोटं, एक आरती. तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय! पाट मैदानाच्या भिंतीबाहेर होता, तिकडे कुणी बघत नव्हतं. त्यांनी नारळ फोडला, फळी उचलली, तोंडातल्या तोंडात आरती म्हटली. पाणी आत गेलं, थोडं घुटमळलं आणि थांबलं. त्यांनी फळी टाकली. घरी येऊन चित्रान्न खाल्लं. त्यांना फार बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी गॅलरी पुरी झाली होती. त्या वर्षी आरती संपली तरी पाणी थांबलं नाही, आत जातच राहिलं.

तिसऱ्या वर्षी पाण्यानं त्यांच्या धोतराचा सोगा आत ओढला. कान मदग्याच्या दगडाशी गेला तेव्हा आतून आवाज आला, तहानलेला माणूस घाईघाईनं तांब्या रिकामा करतो तसा. त्याच दिवशी संध्याकाळी धनलक्ष्मी भेटली. ही गावची परटीण. तळ्याचं जादा पाणी पूर्वी जिथून नदीकडे उतरे त्या डबक्यावर ती धुणं धुवी. चढ्या आवाजाची, कुणाला न भिणारी बाई. ती तमिळमध्ये म्हणाली, "रायर, तुमच्या सणाला माझी धुणी राखेत जातात बघा. सकाळी पाणी चांगलं होतं. दुपारपासून करडं येतंय."

जानकीराम हसले. हसण्यासारखं काय होतं? राखेनं भरलेल्या तळ्यात वरून पाणी शिरत होतं नि खालून राख घेऊन बाहेर पडत होतं. एवढं समजायला सहावीच्या पुढची शाळा लागत नाही. पण त्यांना कळत होतं आणि वळत नव्हतं. कळलं असं म्हटलं असतं तर वर्षाचा तो एक दिवस गेला असता, आणि त्या एका दिवसाशिवाय त्यांच्याजवळ होतं काय?

मग सत्तावन्न साल आलं. वैकाशीत, म्हणजे तिकडच्या वैशाखात, पंकजाचं लग्न झालं. जावई रघुनाथ तिरुविडैमरुदूरला पोस्टात कारकून, सरळ मुलगा. आडी महिन्यात नव्या नवरीला माहेरी आणायची तिकडची रीत, म्हणून पंकजा घरी होती. अठराव्याला जावईही आले. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि मैदानात कुस्ती-कंपनीचा मोठा खेळ. जटक्यावरून ढोल वाजवत, हिरवी-पिवळी पत्रकं उडवत आठवडाभर दवंडी चालली होती. रखवालदाराच्या घरच्यांना समितीनं तीन पास दिले होते, पूर्वेच्या गॅलरीत, पहिली रांग. पूर्वेची गॅलरी म्हणजे चार आण्यांची, गरिबांची. प्रतिष्ठितांच्या खुर्च्या पश्चिमेला होत्या, तळ्याच्या जुन्या पक्क्या काठावर. तसं कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही, पण असल्या गोष्टी आपोआपच तशा होतात.

शनिवारी सकाळी जानकीराम पाण्यात उतरले. फळी चार बोटं उचलली मात्र, गज हातातून हिसकला गेला. पाटाचं पाणी गरागरा फिरून मदग्यात घुसू लागलं. आरती अर्ध्यातच राहिली. फळी खाली जाईना. ते गजावर लोंबकळले, छातीनं रेटा दिला, तेव्हा कुठे ती बसली. धापा टाकत काठावर आले तर पायाखालच्या जमिनीत, भिंतीच्या पलीकडे, काहीतरी ढासळल्याचा दबका आवाज झाला.

ओल्या धोतरानं ते मैदानात गेले. गॅलरीच्या पायथ्याला पोंगलपासून एक भेग होती. समितीनं ती दोनदा चुन्यानं लिंपली होती. आता तिथे लिंपण नव्हतं. जोतं आणि जमीन यांच्यामध्ये वीतभर फट पडली होती. जानकीराम पोटावर निजले आणि फटीत हात घातला. कोपर गेलं. खांदा टेकला. बोटांना काहीच लागलं नाही, नुसती थंड हवा. आणि वास आला, शेवाळाचा, कमळाच्या देठांचा. राणीकुळमचा वास. चार वर्षांत तो त्यांनी घेतला नव्हता. एरवी त्यांना रडू आलं असतं. आज त्यांनी हात झटकन बाहेर ओढला.

तसेच ते गिरणीच्या कचेरीत गेले. वरदराजांनी हात जोडले, बसायला सांगितलं.

"उद्या पूर्वेच्या गॅलरीत माणसं बसवू नका," जानकीराम म्हणाले.

"का हो रायर?"

"पाया बसतोय. पोकळ झालंय खाली."

"पोकळ? कशानं?" वरदराजांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "आत पाणी शिरलं तर पाया बसेल. पण मोरी तर तुम्ही बुजवलीत. वहीत सही आहे तुमची. मग पाणी येईल कुठून?"

जानकीरामांना सांगायचं होतं ते फार नव्हतं. मी बुजवली नाही. मी दर वर्षी उघडली. एवढी दोन वाक्यं. पण ती बोलली की फळी गेली, बिल्ला गेला, पावणेतीनशे वर्षांचं घराण्याचं नाव गेलं, आणि जावयासमोर मान खाली गेली.

"मला आपलं बरं वाटत नाही," ते म्हणाले.

"मलाही वाटत नाही," वरदराज हसून म्हणाले. "या उकाड्यात कुणाला वाटतं? नीरमोर घ्या." आणि त्यांनी ताकाचा पेला पुढे केला. जानकीरामांनी तो प्याला! याची लाज त्यांना पुढे मरेपर्यंत वाटली. गॅलरीपेक्षा जास्त त्या ताकाची वाटली.

घरी पंकजा उद्या नेसायची साडी काढून बसली होती.

"उद्यां तुम्हीं कोणी जाऊं नका," जानकीराम म्हणाले.

"कां अप्पा? पास हाय नव्हे?"

"नक्को म्हणट्लों ना."

रात्री जेवताना जावई खालमानेनं ताटाशी बसले होते. ते म्हणाले, "मामा, नक्को असलें तर राहूं दे. पास वाया कां घालायचे? ती परटीण आली होती संध्याकाळीं. मी तिला देऊन टाकलों. तिचे दोघे नातू हायत, अस्की तिघें जातील म्हणाली."

जानकीरामांच्या हातातला घास हातात राहिला.

जेवणं झाल्यावर ते परसात गेले. वेंकटलक्ष्मी वृंदावनापाशी उभी होती. लग्नाला तीस वर्षं झाली, ही बाई नवऱ्याला कधी उलटून बोलली नव्हती. आज ती विटांकडे बघत म्हणाली, "ह्या विटा कोठल्या, तें मला पहिल्या दिवसापासून ठावें हाय. मीही बोललें नाहीं, म्हणून मीही पापांत हाय. पण ऐका. आपली पोर घरीं ठेवलीत म्हणजे झालें कां? तेथें दुसऱ्यांच्या पोरी बसतील."

"नांव जाईल, लक्ष्मी."

"जाऊं दे. नांव काय, फळीच ती. एके दिवशीं कुजणारच."

रविवारी तीन वाजता मैदानाबाहेर ही गर्दी! शेंगदाणे, सोडा, फुगे, आईचा हात सोडून पळणारी पोरं. जानकीरामांनी खाकी कोट घातला, बिल्ला लावला. पश्चिमेचं फाटक उघडलं. पूर्वेच्या फाटकाला मात्र बाहेरून कुलूप घातलं, जुडगा घेऊन पाटाशी गेले आणि तो मदग्यापुढच्या पाण्यात टाकून दिला. परत येऊन फाटकाला पाठ लावून बसले.

आधी लोकांना गंमत वाटली. मग ओरडा झाला. मग कुणीतरी चप्पल फेकली, ती त्यांच्या कानाला लागली. गर्दीत सगळ्यांच्या पुढे धनलक्ष्मी होती, दोन नातवांना दोन हातांनी धरून, जरीकाठाचं लुगडं नेसून. आयुष्यात पहिल्यांदा ती कुठल्या खेळाला आली होती. "काय रायर," ती ओरडली, "पास तुमच्याच घरचे की!"

गर्दीतून वाट काढत वरदराज आले. मागे स्वामीनाथ मेस्त्री होता, आणि त्याच्यामागे, बातमी ऐकून धावत आलेले, पंकजा आणि रघुनाथ. जानकीरामांनी लेकीला पाहिलं. त्यांना वाटलं होतं, निदान ती समोर नसेल.

ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना समजावं म्हणून तमिळमध्ये, मोठ्यानं बोलले. "मदगु मी बुजवला नाही. बुजवला म्हणून खोटी सही केली. विटा चोरून घरी नेल्या. दर आडीला फळी उचलून पाणी आत सोडलं. कालसुद्धा सोडलं. आतली राख वाहून गेली आहे. या गॅलरीखाली काही नाही. जो वर बसेल तो मरेल, आणि त्याला मी मारलेलं असेल."

मग कुणीतरी हसलं आणि हसू पसरलं. "म्हातारा चळला!" वरदराजांनी हात केला. दोघांनी जानकीरामांना बाजूला ओढलं, तिसऱ्यानं पहारेनं कुलूप फोडलं. लोक आत घुसले.

स्वामीनाथ मेस्त्री मात्र लोकांच्या पुढे धावला. त्यानं कुलूप फोडायची पहार उचलून घेतली होती. गॅलरीच्या पायथ्याशी जाऊन त्यानं ती फटीत उभी खुपसली. पुरुषभर उंचीची पहार. ती अर्धी गेली, पाऊण गेली, त्याच्या मुठीपर्यंत गेली. त्यानं मूठ सोडली. पहार दिसेनाशी झाली. सगळ्यांनी ऐकलं, पुष्कळ वेळानं, खाली कुठेतरी, डुब्ब असा आवाज आला.

हसणं तिथेच थांबलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवलेल्यांनी पाय मागे घेतला. धनलक्ष्मीनं दोन्ही नातवांना काखोटीला मारलं आणि ती पाठ न फिरवता, गॅलरीकडे बघत मागे मागे गेली.

पावणेपाचला पैलवान झगमगीत झगे घालून रिंगणात येत होते तेव्हा पूर्वेची गॅलरी बसली. फारसा आवाजही झाला नाही. म्हैस चिखलात बसते तशी ती पुढचे खांब दुमडून बसली आणि तिच्याभोवती काळं पाणी वर आलं. एकाही माणसाला खरचटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, गावानं रायरांना हार घातले असतील. गावाचा खेळ बुडाला होता हो! चौकशी झाली. गॅलरी पडण्याचं कारण एकच निघालं, ते म्हणजे रखवालदारानं खोटी नोंद करून मोरी उघडली. ते खरंच होतं, म्हणून जानकीरामांनी खाली सही केली. राखेचा शब्द कागदात कुठेच नव्हता. पैसे गेले गावाचे, राख होती वरदराजांची, आणि बुडवे ठरले रायर. बिल्ला गेला. पिळ्ळैयारपुढे नारळ फोडायचा मान गेला. वय आणि कबुली बघून तुरुंग टळला. उपकार म्हणून एक काम मात्र त्यांच्यावर सोपवलं गेलं, की आता तरी मदगु बुजवा, मेस्त्रीच्या डोळ्यांदेखत. बैल गेला नि झोपा केला.

जानकीरामांनी तुळशीचं वृंदावन स्वतःच्या हातांनी उतरवलं. त्याच विटा टोपलीत भरून नेल्या. फळी काढली, तीन थर विटांचे, वर सिमेंट. स्वामीनाथनं ओळंबा लावला, बोटानं ठोकून पाहिलं, आणि म्हणाला, "पक्कं आहे." त्याचीही सही झाली. फणसाची फळी रायरांनी घरी आणली. वेंकटलक्ष्मीनं ती धुऊन तुळशीच्या कुंडीखाली ठेवली.

घरपट्टीवर पुन्हा एक पट्टी बसली. गाव कुरकुरलं, पण कुस्ती-कंपनी करार दाखवत होती, आणि अर्धं मैदान उभं असताना अर्धं पडलेलं कसं ठेवायचं? नवी गॅलरी तिथेच उठू लागली. खड्डा भरायला गाड्या आल्या. जानकीराम ओट्यावर बसून त्या मोजायचं टाळत होते, पण मागे सांडलेली करडी रेघ रस्त्याभर दिसतच होती. गिरणी तीच, राख तीच. या वेळी स्वामीनाथ एकदा चढ्या आवाजात बोलला म्हणतात. मग त्याला दुसरीकडे काम मिळालं, नाचियार्कोविलला, चांगल्या मजुरीचं.

अठ्ठावन्नची आडी आली तोवर नवी गॅलरी पुरी झाली होती, आणि अठराव्याच्या पाठोपाठ रविवारी कंपनीचा खेळ ठरला होता. अठराव्या दिवशी नवं पाणी आलं. पिळ्ळैयारपुढे दुसऱ्याच कुणीतरी नारळ फोडला. ती माणसं गेल्यावर जानकीराम पाटाच्या काठाशी जाऊन उभे राहिले, काही करायला नाही, नुसतं बघायला. मदग्याच्या तोंडावर सिमेंट होतं तसं होतं, एक चीर नाही. आणि त्याच्या बाजूला, काठाच्या मुळाशी, पाण्यावर एक वाटीएवढा भोवरा फिरत होता. त्यात वाळलेलं पान आलं, दोनदा फिरलं आणि आत गेलं.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. मागून धनलक्ष्मी आली. डबक्यावरून तशीच उठून आली होती. हातातलं ओलं धोतर तिनं त्यांच्यापुढे धरलं. पांढरं धोतर करडं झालं होतं.

पाण्याला चार बोटांची वाट दाखवली ती त्यांनीच. पण वाट एकदा सापडली की पाण्याला दाखवणारा लागत नाही.

ते धोतर घेऊन ते वरदराजांकडे गेले. या वेळी ताक घ्यायचं नाही, एवढं वाटेत ठरवलं होतं. कुणी दिलंही नाही. त्यांनी उभ्यानंच सांगितलं, पाणी आत शिरतंय, राख बाहेर येतेय, रविवारी गॅलरीत माणसं बसवू नका.

वरदराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रायर, एक सांगा. मोरी तुम्ही बुजवलीत की नाही?"

"बुजवली. पक्की."

"मेस्त्रीचीही सही आहे. म्हणजे पाणी शिरत नाही. आणि शिरत असेल, तर तुम्ही पुन्हा खोटं बोललात. दोन्हीपैकी काय ते सांगा, मी लिहून घेतो."

जानकीराम आयुष्यात एकदा खोटं बोलले होते आणि एकदा खरं. आता तिसऱ्यांदा बोलायला शिल्लक काही नव्हतं. गावात ज्याला त्याला ते सांगत फिरले. जो तो हसून विचारी, "रायर, या वेळी कुणी उघडली हो?"

रविवारी दुपारी ते घराबाहेर पडले. वेंकटलक्ष्मीनं छत्री दिली, ती त्यांनी घेतली नाही. पूर्वेच्या फाटकावर नवा रखवालदार होता, नव्या बिल्ल्याचा. जानकीराम फाटकाच्या दगडाशी उभे राहिले आणि दोन्ही हातांनी ते करडं धोतर समोर पसरून धरलं. येईल त्याला दाखवू लागले. काही जणांनी वळून पाहिलं. एकानं वेडा म्हणून पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. बाकीचे त्यांना वळसा घालून आत गेले.

चार वाजता आत ढोल वाजला. गॅलरी भरली होती.